दृष्टी गेली तरी संगत जाऊ नये

आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते. ते पाणी आमच्या भोरच्या डोंगरांतून येते. वेल्ह्याकडची गुंजवणीही त्याच नीरेला मिळते. पाणी दरवर्षी वारीला पोचते. पण त्याच डोंगरांतला एखादा वृद्ध माळकरी दृष्टी गेली म्हणून घरच्या ओटीवर बसून राहतो. आजचा पाठ त्याच्यासाठी, आणि त्याच्याभोवती वावरणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत असे एक बाबा आहेत. पुष्कळ वर्षे देवळात पोथी तेच वाचीत. काचबिंदूने दृष्टी गेली. आरंभी माणसे समाचाराला आली. पुढे जो तो “बाबा, बसा” म्हणून आपल्या कामाला जाऊ लागला. मी भेटलो तेव्हा ते म्हणाले, “अहो, एकदा किती तरी वेळ मी बोलत होतो. ऐकणारा कधीच उठून गेला होता. डोळ्यांचं दुःख आहेच, पण आता मला कुणी काही इचारीत नाही, हे जास्त लागतं.”

या बोलण्यातच सारे वर्म आहे. आपण अशा माणसाला भाकरी देतो, औषध देतो, पण त्याच्याकडून काही घेत नाही. नुसते घेत राहणाऱ्याचा संवाद आटतो.

पुढे देवळात एक शाळकरी मुलगा पोथी वाचू लागला. जुन्या शब्दांना अडे. तो बाबांकडे गेला. त्याने ओवी वाचावी, बाबांनी अर्थ उलगडावा, असे रोजचे झाले. आज बाबा देवळात त्याच्या शेजारी बसतात. दृष्टी आली नाही, पावसाळ्यातली संध्याकाळ अजूनही लांबते. पण संध्याकाळ झाली की कोणी वाट पाहते आहे, एवढे त्यांना कळते.

श्रीगुलाबराव महाराजांचे चरित्र आठवा. विदर्भात १८८१ साली त्यांचा जन्म झाला, वर्षाच्या आतच दृष्टी गेली. १९१५ साली देह ठेवला. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेतले आणि सांगून शंभराहून अधिक ग्रंथ लिहविले. त्यांचा अधिकार मोठा, आणि त्यांना अंधत्व बालपणीचे. म्हातारपणी दिसेनासे होणे हे दुःख निराळे. तरी एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे: वाचणारा आणि सांगणारा एकत्र बसले की दोघांचाही अभ्यास होतो.

आता आचरणाच्या गोष्टी. प्रथम डोळे डॉक्टरांना दाखवावेत. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, पण वेळीच औषध घेतले तर उरलेली बहुधा राखता येते. घरात कोणाला तो असेल तर भावंडांनी, मुलांनीही तपासून घ्यावे.

दृष्टी गेलेल्या माणसाजवळ गेल्यावर आधी आपले नाव सांगावे. उठताना “येतो बाबा” म्हणावे. कानांनी चांगले ऐकू येत असता ओरडून बोलू नये. हाताला धरून ओढू नये. आपले कोपर त्यांच्या हाती द्यावे. काठी, तांब्या जागचे हलवू नयेत. आणि रोज एक तरी गोष्ट विचारावी: अभंगाची चाल, भाताचे जुने वाण, पूर्वीच्या वारीची वाट.

ज्याची दृष्टी गेली त्या माउलीनेही कोणी येईल म्हणून वाट पाहत बसू नये. निरोप धाडावा. हरिपाठ मुखोद्गत आहे, त्याला डोळे लागत नाहीत. दिंडीतला जुना सोबती दूर गावी असेल तर आता फोन आहे. ठरल्या वेळी दोघांनी मिळून हरिपाठ म्हणावा आणि मग चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. तोच भाव घरच्या ओटीवर बसलेल्या माउलीपाशी ठेवावा. आज संध्याकाळी देवळात निघताना तिच्या दाराशी थांबून एवढेच म्हणावे, “चला बाबा, बरोबर जाऊ.”

रामकृष्णहरि.