जपून ठेविलेली प्रत

सर्व्हरवरील माहितीची प्रत फितीवर अथवा निराळ्या डिस्कवर ठेविली, कीं आम्ही निर्धास्त होतों. परंतु ती परत उतरवून पाहिल्याखेरीज तिजवर विसंबूं नये, असें आमचें मत आहे. ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं 'गिटलॅब' कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानें भलत्याच सर्व्हरवर आज्ञा देऊन सुमारें ३०० गिगाबाइट माहिती पुसून टाकिली. प्रती राखण्याचे मार्ग पांच होते. पण नित्याच्या प्रतींची जागा पाहतात तों रिकामी! प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची असल्यानें रोज निष्फळ होत होती, आणि तसें कळविणारीं पत्रेंही वाटेंतच अडत. सुदैवानें, दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं काढलेली एक प्रत सांपडली. ती मंदगति डिस्कवर असल्यामुळें सर्व पूर्ववत् होण्यास सुमारें १८ तास लागले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.