दुखापत आणि संयम

(पाठ-परिचय : खेळाडूच्या शरीराला झालेली इजा त्याच्या कारकिर्दीला कसे वळण देते, याचा विचार या पाठात केला आहे.)

बेंगळूरूच्या उत्तरेस येलहंका परिसरात पदुकोण-द्रविड क्रीडा केंद्र आहे. तेथे सरावाच्या मैदानांबरोबरच क्रीडावैद्यकाचीही सोय आहे. दुखापतीवरील उपचार हा आता प्रशिक्षणाचाच भाग मानला जातो. त्याचे महत्त्व सचिन तेंडुलकर यांच्या उदाहरणावरून लक्षात येते.

सन 2004 मध्ये त्यांच्या डाव्या कोपराला ‘टेनिस एल्बो’ हा विकार जडला. मनगट उचलणारे स्नायू कंडरांनी कोपराच्या बाहेरील हाडाशी जोडलेले असतात. त्याच त्या हालचालीचा ताण वर्षानुवर्षे पडला, की या कंडरा झिजतात. म्हणूनच टेनिस कधीही न खेळलेल्या सुतारालाही हा विकार होतो. वजनदार बॅट पेलणाऱ्या सचिनना तर साधी वस्तू उचलणेही जड जाऊ लागले. ऑक्टोबर 2004 मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बेंगळूरू कसोटीला त्यांना मुकावे लागले.

मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला पुनरागमन करताना त्यांनी 93 धावा काढल्या आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत पस्तिसावे कसोटी शतक झळकावले. परंतु मार्च 2006 मध्ये खांद्याच्या दुखण्याने डोके वर काढले. त्याच महिन्यात वानखेडे मैदानावर एका धावेवर बाद होताच घरच्याच काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. शरीराच्या वेदनेपेक्षा ही वेदना खचितच अधिक बोचरी असली पाहिजे.

सचिननी वादाला तोंड फोडले नाही. पुन्हा शस्त्रक्रिया, विश्रांती आणि सराव हाच मार्ग त्यांनी स्वीकारला. ऑक्टोबर 2010 मध्ये बेंगळूरूच्याच मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्धच, त्यांनी 214 धावा केल्या. सहा वर्षांपूर्वी हुकलेल्या सामन्याचे जणू उट्टेच निघाले.

प्रत्येक जायबंदी खेळाडू असा परततोच असे नाही. उपचार वेळेवर मिळणे हे भाग्यावर सोडता येत नाही. त्यासाठी व्यवस्था लागते. आणि खेळाडू बरा होत असताना प्रेक्षकांनी धीर धरणे, हेही खेळावरील प्रेमच होय.

शब्दार्थ
कंडरा – स्नायू हाडाला जोडणारा चिवट पट्टा
जायबंदी – जखमी
हुर्यो उडवणे – जाहीरपणे टर उडवणे

पाठगत प्रश्न
1. ‘टेनिस एल्बो’ कशामुळे होतो?
2. वानखेडेवरील प्रेक्षकांचे वर्तन तुम्हांला योग्य वाटते का? सकारण लिहा.