सेवासदन : वर्गणीपलीकडचे काम
स्त्रियांच्या सेवाभावी मंडळाचे मोल आपण सहसा जमलेल्या निधीवरून ठरवितो. पुण्याच्या सेवासदनचा आरंभकाळ अभ्यासताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली, गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने, ही संस्था पुण्यात उभी केली. शिवणाचे व साक्षरतेचे वर्ग चालू झाले. अशा कामास वर्गणी देणे सोपे असते.

खरा कस लागला तो परिचारिकांच्या शिक्षणात. ससून रुग्णालयात शिकावयास जायचे म्हणजे परक्या जातीच्या, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा. देणगी देणारा गृहस्थदेखील आपली विधवा बहीण या कामाला धाडील, असे नव्हते. येथे पैसा अपुराच पडणार. घरोघरचा विश्वास मिळवावा लागणार. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून रमाबाईंना असलेला मान येथे कामी आला. त्या मानाचा उपयोग त्यांनी मिरवण्यासाठी केला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

संस्थेच्या एका संमेलनात केशवपन केलेली, जुन्या वेषातील एक विधवा प्रशस्तिपत्र घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची टर उडविली. (आपल्या संमेलनांतले प्रेक्षकही काही निराळे नसतात!) रमाबाईंनी त्या सुशिक्षित तरुणांची तेथेच कानउघाडणी केली.

पुढे आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीसाठी सेवासदनच्या स्वयंसेविका जाऊ लागल्या. रमाबाई जातीने त्यांच्याबरोबर असत.