‘प्राण्यांची आवड आहे’ एवढ्यावर फॉर्म भरू नका

नीटचा निकाल लागला की शिरूर-दौंडच्या पालकांचा तोच प्रश्न ठरलेला असतो: ‘एमबीबीएसला नंबर लागणार नाही, पण पोराला प्राण्यांची फार आवड आहे; व्हेटर्नरीला घालू का?’ आवड खरी असेलही, पण ती मार्क कमी पडल्यावरच कशी आठवते? वाट सगळ्यांना ठाऊक आहे: बारावीला जीवशास्त्र, नीट, नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया, साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. आपल्याला जवळचं कॉलेज शिरवळचं. हे सगळं माहितीपुस्तिकेत असतं. हे काम आपल्या मुलाला सोसेल का, एवढंच तिच्यात नसतं. आणि ते साडेपाच वर्षं घालवून कळण्यापेक्षा प्राण्यांच्या निवारा केंद्रात दोन महिने राबून कळलेलं कितीतरी स्वस्त पडतं.

राबून हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पिल्लाला दुधाची बाटली पाजतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्या फोटोआधीचे दोन तास कुणी टाकत नाही. सकाळी पिंजरा उघडल्यावर आधी शी बघायची: घट्ट, पातळ की रक्ताची, आणि तसं वहीत लिहायचं. ताटलीत रात्रीचं खाणं किती उरलं, नसबंदी झालेल्या कुत्रीने टाके चाटले का, हेही त्याच वहीत. मग धुणं. कुत्र्यांच्या पार्वो आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, नुसत्या फिनेलने जात नाही आणि तुमच्या चपलेला चिकटून घरच्या पिल्लापर्यंत पोचतो. म्हणून केंद्रातली चप्पल केंद्रातच ठेवायची. इंजेक्शन मात्र स्वयंसेवकाने टोचायचं नाही. उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे, कायदाच तसा आहे. दोन महिने ही वही नीट लिहिणाऱ्या मुलाबद्दल गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळतं.

शिरूरच्या मुलांना बहुधा बिबट्याच खुणावतो, आणि ते स्वाभाविक आहे. हा तालुका जुन्नर वनविभागात येतो. जुन्नरजवळच्या माणिकडोह इथल्या बिबट निवारा केंद्रात वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था 2007 पासून वनखात्याबरोबर काम करते. बिबट्याला हात लावायला स्वयंसेवकाला मिळत नाही, मिळूही नये. पण तिथल्या कामातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ऊसतोडीत बछडे सापडले की ते उचलून पाळायचे नसतात. डॉक्टर तपासतात, मग त्याच शेतात खोक्यात ठेवून रात्री माणसं लांब सरतात, आणि आई येऊन पिल्लं घेऊन जाते. प्राणी वाचवणं म्हणजे बऱ्याचदा आपला मोह आवरून लांब उभं राहणं. आता याच तालुक्यात बिबट्याने माणसं मारली आहेत, तिथे प्राणिप्रेम कुणाला सांगता, हा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पण म्हणूनच तर गावाची भीती आणि जनावराची सवय दोन्ही जाणणारी इथलीच मुलं या कामात हवीत. पुण्याहून कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची कमतरता नाही.

‘आमच्याकडे केंद्र कुठे आहे?’ हा दुसरा आक्षेप. दौंडहून पुण्याला रेल्वे आहे, पण रोज जायची गरजही नाही. तालुक्यातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कुणाच्या डोळ्यासमोरच येत नाही, आणि माझ्या मते शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. परवानगी घेऊन तिथे बसा. अडलेली गाय, पोट फुगलेली शेळी, लाळ्या-खुरकुताची लस, आणि खर्चाचा आकडा ऐकून गप्प होणारा मालक. पशुवैद्यकाचा बहुतेक दिवस या माणसाशी बोलण्यात जातो. ज्याला फक्त प्राणी आवडतात आणि माणसं नकोत, त्याने हे क्षेत्र सोडावं. गोशाळेतही शेण-चाऱ्याचं काम आहे. ‘आमची पोरगी शेण काढणार का?’ असं विचारणाऱ्या आईबापांनी व्हेटर्नरीचा विषयच घरात काढू नये. तिथे गायीच्या आत खांद्यापर्यंत हात घालावा लागतो.

प्रमाणपत्रासाठी मुलाला पंधरा दिवस ढकलू नका. कुत्र्याला माणसाची सवय लागायला लागते न लागते तोच हा निघून जातो. त्याला शिकवण्यात केंद्राच्या माणसांचा वेळ गेला तो वेगळाच. आणि मूल महिन्याभरात ‘नको’ म्हणालं तर ते ऐका, तुमची लाखोंची फी वाचली. वयाची अट आधी विचारा. अठराच्या आतल्यांना अनेक ठिकाणी प्राण्यांजवळ सोडत नाहीत, किंवा पालकांची लेखी संमती मागतात.

राहिली लस. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे इथे ‘बघू नंतर’ चालत नाही. डॉक्टरांशी बोलून चावण्याआधीची लस घ्या: पहिला डोस, आठवड्याने दुसरा, पहिल्यापासून तीन-चार आठवड्यांनी तिसरा. ती घेतली तरी चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि पुन्हा दोन डोस घ्यायचेच. धनुर्वाताचंही त्याच वेळी विचारून घ्या. मेच्या सुट्टीत काम सुरू करायचं असेल, तर पहिली सुई एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच टोचलेली हवी.