ओमर आणि होमर

शास्त्रपाठ : निर्गम १६:१६-१८, गणना ११:४-६, ३१-३४

बेंगळूरु शहरातील अनेक हॉटेलांत ठरावीक रक्कम भरून हवे तितके जेवण्याची ‘बुफे’ पद्धत रूढ आहे. गोव्यात मांडवी नदीतील कॅसिनो-नौकांवर तर जेवण बहुधा प्रवेशशुल्कातच येते. पाहुणा तेथेच रमावा, हा त्यामागील हिशेब. अशा ठिकाणी भूक भागली तरी हात थांबत नाही, कारण मन ‘पैसे वसूल’ करीत असते.

रानात इस्राएल लोकांना मिसर देशातील फुकटचे मासे व काकड्या आठवल्या. त्यांची किंमत आपण दासत्वाने चुकती केली होती, हे ते विसरले. देवाने मान्ना मोजून दिला होता : दरडोई एक ओमर. तो कोणालाही कमी पडला नाही. पुढे लावे पक्षी आले, तेव्हा सर्वांत कमी गोळा करणाऱ्याजवळही दहा होमर होते. एका होमरात शंभर ओमर मावतात. म्हणजे नेमलेल्या वाट्याच्या हजारपट! त्या स्थळाला किब्रोथ-हत्तव्वा हे नाव पडले. त्या इब्री नावाचा अर्थ ‘वासनेची थडगी’ असा आहे.

येथे अन्नाचा निषेध नाही. प्रभू येशू मेजवान्यांना जात असे. पाच हजारांना त्याने पोटभर जेवू घातले, पण उरलेले तुकडे वाया जाऊ दिले नाहीत. प्रश्न मनाचा आहे. वसुली करणारे मन उपकारस्तुती करू शकत नाही; मिळालेले सर्व त्याला आपल्या पैशांचेच वाटते. यास्तव, प्रिय वाचकहो, भरल्या मेजासमोर आपण आपला ओमर ओळखावा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण एका दिवसाची भाकर मागतो, आणि तीही ‘आमची’ म्हणून, म्हणजे शेजाऱ्यासह.