तपासणीचं औषधही औषधच असतं

मेंदूच्या रक्तप्रवाहाचा स्कॅन ठरला की मशीनबद्दल भरभरून सांगितलं जातं. शिरेतून जे औषध जाणार त्याबद्दल मात्र ‘तपासणीचा भाग आहे’ एवढ्यावर नातेवाइकांची बोळवण होते. त्याचं नाव आम्ही बिलात वाचायचं! या वागणुकीचा राग मला आजही आहे, आणि तो रास्तच आहे. हा स्कॅन का लागतो? अँजिओग्राफीत रक्तवाहिनी कुठे अरुंद झाली ते दिसतं. त्यापुढच्या मेंदूकडे रक्ताची गंगाजळी किती उरली, ते कळत नाही. त्यासाठी अॅसिटाझोलामाइड, म्हणजे काचबिंदूवालेही घेतात ते डायमॉक्स, साधारण 1 ग्रॅम शिरेतून देतात. मेंदूत कार्बन डायऑक्साइड वाढतो, निरोगी वाहिन्या फुलतात आणि 15 ते 20 मिनिटांत रक्तप्रवाह वाढतो. अडथळ्यापुढच्या वाहिन्या आधीच पुरत्या फुललेल्या असतील, तर तिथे वाढ होत नाही, कधी प्रवाह घटतोही. औषधाआधीचा आणि नंतरचा स्पेक्ट (रक्तप्रवाहाचं चित्र देणारा) स्कॅन ताडून हेच पाहतात. सगळी चाचणी ज्या औषधावर उभी, ते सांगण्याजोगं नाही असं कसं म्हणता येईल?

त्रास किरकोळ असतो, असं उत्तर मिळतं. बोटांना-ओठांना मुंग्या, डोकेदुखी, वारंवार लघवी हे बहुतेकांचं आपोआप थांबतं, हे खरं. पण जपानमध्ये या इंजेक्शननंतर फुप्फुसांत पाणी होऊन रुग्ण दगावले आणि 2015 मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनांना वापराच्या सूचना काढाव्या लागल्या. सांगितलं तर रुग्ण घाबरतो, हा दुसरा बचाव. उलट, मुंग्या येणार हे माहीत असलेला माणूस शांत पडून राहतो; माहीत नसलेल्याला तो पक्षाघाताचा झटकाच वाटतो.

म्हणून आधी विचारा: किडनी, लिव्हर, सोडियम-पोटॅशियमचे रिपोर्ट पाहिले का? नंतर लक्ष ठेवायला डॉक्टर असतील का? सल्फाची अॅलर्जी असेल तर स्वतःहून सांगा. जुनी फाइल सोबत ठेवा. सर्वांत महत्त्वाचं, या रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहे का? मानेतली कॅरोटिड धमनी पूर्ण बंद असलेल्या रुग्णांवरच्या 2011 च्या अमेरिकी अभ्यासात मेंदूचा रक्तपुरवठा अपुरा असल्याचं तपासून निवडलेल्यांनाही मेंदूच्या बायपास शस्त्रक्रियेचा नुसत्या औषधोपचारापेक्षा जास्त फायदा झाला नाही. मेंदूच्या तळाशी धमन्या हळूहळू अरुंद होत जातात त्या मोयामोया आजारात मात्र बायपासला मोल आहे, तिथे ही चाचणी कामाची ठरते. ती सहसा ठरवून होते, विचारायला वेळ असतो. औषधाचं नाव, मात्रा आणि कारण कळल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.