ओल्या हिवाळ्याचा एक महिना : जानेवारी २०२२

थंडी किती पडली हे सांगताना आपण बहुधा रात्रीचा आकडा सांगतो. आकाशवाणीच्या बातम्यांत, वृत्तपत्रांत आणि आता दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही 'निफाडचा पारा घसरला', 'महाबळेश्वर गारठले' अशा वार्ता येतात, त्या सर्व किमान तापमानाच्या असतात. पहाटेच्या या एका आकड्यावरून थंडीची परीक्षा करण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, दुपारचे कमाल तापमान हेही थंडीचे माप असू शकते, हे सहसा लक्षात येत नाही. कोरड्या हिवाळ्यात या सवयीने फारसे बिघडत नाही. परंतु हिवाळा ओला असेल, तर ती दिशाभूल करते. जानेवारी २०२२ हा महिना याचे उत्तम उदाहरण आहे.

त्या महिन्यात उत्तर भारतात जो पाऊस झाला, तो सामान्य नव्हता. दिल्लीतील सफदरजंग वेधशाळेने महिनाभरात ८८.२ मि.मी. पावसाची नोंद केली. तेथे जानेवारीत सरासरीने सुमारे २० मि.मी. पाऊस पडतो, म्हणजे चौपटीहून अधिक पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत जानेवारी महिन्यात तेथे एवढा पाऊस कधी झालेला नव्हता. संपूर्ण देशाचा विचार केला, तरी त्या महिन्याचे पर्जन्यमान सरासरीच्या दुपटीहून अधिक भरले. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे मोठी हिमवृष्टी झाली. सीमेपलीकडे पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ जानेवारीच्या रात्री बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक प्रवासी दगावले.

हे दिवस सोसलेल्यांना विचारावे, तर थंडी विलक्षण होती असेच ते सांगतील. किमान तापमानाचे तक्ते पाहिले, तर मात्र काही वेगळेच दिसते. पावसाळी दिवसांत दिल्लीच्या रात्री नेहमीपेक्षा उबदार होत्या. गारठले होते ते दिवस. दिल्लीत जानेवारीतील कमाल तापमान सरासरीने २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. २५ जानेवारी रोजी ते सुमारे १२ अंशांवर थांबले. भर दुपारी १२ अंश म्हणजे आपल्याकडील नाशिक-पुण्याची नेहमीची हिवाळी पहाटच होय. ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, जमीन ओली, आणि सायंकाळी शेकोटी करावी तर लाकूडही दमट!

हा पाऊस येतो कोठून

आपल्या मोसमी पावसाशी या पावसाचे नाते नाही. भूमध्य समुद्र, काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या परिसरात हिवाळ्यात वाऱ्यांच्या आवर्ती प्रणाली निर्माण होतात. वातावरणाच्या उंच थरांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांबरोबर त्या इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत भारताच्या वायव्य सीमेवर पोहोचतात. त्यांनाच 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. वाटेत आणि विशेषतः अरबी समुद्रावरून त्यांना बाष्प मिळते. हिमालयाशी गाठ पडली की डोंगरांत हिमवर्षाव आणि पायथ्याच्या मैदानात पाऊस होतो. हिवाळ्यात दरमहा असे अनेक विक्षोभ येतात व बरेचसे फारसा प्रभाव न दाखविता निघून जातात. जानेवारी २०२२ मध्ये मात्र प्रभावी विक्षोभ एकामागून एक आले. एकाचे ढग पांगतात न पांगतात तोच दुसरा दाखल, अशी स्थिती महिन्यातून अनेकदा झाली. त्या हिवाळ्यात प्रशांत महासागरात 'ला निना'ची स्थिती होती आणि अशा वर्षी वायव्य भारतात हिवाळी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो, असे अभ्यासक मानतात. जानेवारीने हा ठोकताळा पाळला नाही.

उत्तरेच्या या हिवाळ्याचा महाराष्ट्राशी एक जुना कार्यालयीन संबंध आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील त्या भव्य दगडी इमारतीस पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, पण देशभरातील हवामानाच्या नोंदी संकलित करण्याचे काम पुण्यातच राहिले. सिमल्यातील बर्फाचा हिशेब पुण्याच्या दप्तरी लागतो, तो असा.

शब्दांचेही नाते लक्षात घेण्याजोगे आहे. आपण हिवाळ्यातील पावसाला 'मावठा' म्हणतो. राजस्थानात त्यालाच 'मावठ' आणि हिंदी मुलखात 'महावट' म्हणतात. शब्द एकाच कुळातले, पण त्यांचा स्वाद निराळा. राजस्थान, पंजाब, हरियाणाच्या शेतकऱ्याला मावठ म्हणजे गव्हाला आणि मोहरीला मिळालेले फुकटचे पाणी. आपल्याकडे कोरडवाहू हरभऱ्याला आणि रब्बी ज्वारीला हलकी सर एकेकाळी हवीशी वाटे, आजही वाटते. परंतु द्राक्ष, कांदा व आंबा यांचे क्षेत्र वाढले, तसा मावठा हा शब्द उच्चारताना शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडू लागली.

थंडीचे दोन प्रकार

ढगाळ आकाश थंडीची विभागणी बदलते. दिवसा ढग सूर्यकिरणे परतवितात. शिवाय ओल्या जमिनीतील पाणी सुकण्यातच बरीच उष्णता खर्च होते. त्यामुळे दुपार तापत नाही. रात्री तेच ढग जमिनीवर घोंगडीसारखे काम करतात. जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता अडवून धरतात. परिणामी कमाल व किमान तापमानांतील अंतर आक्रसते. विक्षोभ पूर्वेकडे सरकला की चित्र पालटते. आकाश निरभ्र होते, बर्फाच्छादित डोंगरांकडून कोरडे वारे वाहू लागतात आणि रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते. म्हणजे ओल्या महिन्यात आधी दिवसाची थंडी व पाठोपाठ रात्रीची थंडी असा क्रम लागतो.

हवामान खात्याच्या परिभाषेत या दोहोंना स्वतंत्र नावे आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरले, किंवा प्रत्यक्ष ४ अंशांवर वा त्याखाली गेले, की 'थंडीची लाट' म्हटले जाते. किमान तापमान १० अंश वा कमी असून कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक उतरले, तर तो 'थंड दिवस' होय. पहिली संज्ञा सर्वांना माहीत आहे, दुसरी फारच थोड्यांना. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा विद्यार्थी. त्याच्याही ध्यानात हा भेद नोकरीची कित्येक वर्षे आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

परंतु या व्याख्यांतही एक फट राहते. किमान तापमान १० अंशांच्या वर असेल, तर दिवस कितीही गारठलेला असो, तो व्याख्येत बसत नाही. आणि महाराष्ट्रातील ओली थंडी बहुधा याच फटीत सापडते. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी पुणे व तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत संततधार पाऊस आणि बोचरे वारे यांमुळे उघड्या माळावर मुक्कामास असलेल्या मेंढपाळांची हजारांहून अधिक मेंढरे दगावली. मेंढीची लोकर कोरडी असते तोवर तिच्या धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. लोकर भिजली की हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. वर वारा असेल, तर काही तासांत जनावराच्या अंगातील उष्णता ओसरते. त्यासाठी पारा ४ अंशांवर यावा लागत नाही. कोकरांना तर एक रात्रही पुरते.

एका सकाळी माळावरचा कळप आडवा झालेला पाहणाऱ्या मेंढपाळास तापमानाची व्याख्या सांगून काय उपयोग? भरपाईच्या प्रकरणात मात्र कागदावर काय लिहिले जाते याला महत्त्व असते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत गारपीट आहे, थंडीची लाट आणि दहीवरही आहे. महाराष्ट्राने अवेळी पावसालाही राज्यापुरती आपत्ती मानले आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मि.मी.हून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. आता समजा, पाऊस ३० मि.मी. झाला आणि किमान तापमान १५ अंश राहिले. तेथे अतिवृष्टी नाही आणि थंडीची लाटही नाही. अशा वेळी पंचनाम्यात कारण म्हणून केवळ 'थंडीने मृत्यू' असे लिहिले, तर तापमानाचा आकडा त्यास दुजोरा देणार नाही. अवेळी पाऊस किती तास पडला, वारा होता काय, कळप उघड्यावर होता काय आणि त्या दिवसाचे कमाल तापमान किती होते, हे नमूद केलेले असावे. सोबत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला असावा. पिकांच्या बाबतीत ३३ टक्के वा त्याहून अधिक नुकसान ही मदतीसाठीची मर्यादा आहे, ती सर्वांना ठाऊक आहेच.

आपल्याकडे काय घडले

जानेवारी २०२२ मधील विक्षोभांचा शेपटा महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. उत्तरेकडून उंचावरून येणारी थंड हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे यांची गाठ मध्य भारतावर पडते. त्या महिन्याच्या पूर्वार्धात विदर्भात अशीच स्थिती होऊन पाऊस झाला, काही ठिकाणी गाराही पडल्या. फुलोऱ्यातील हरभरा आणि काढणीच्या बेतातील तूर यांना अशा पावसाचा फटका बसतो. महिन्याच्या उत्तरार्धातील प्रकार तर अधिकच नवलाचा. २३ जानेवारी रोजी पाकिस्तानाच्या बाजूने आलेल्या वाऱ्यांबरोबर धूळ गुजरातमार्गे मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली. मोटारींवर पांढुरका थर बसला, क्षितिज दिसेनासे झाले. सांताक्रूझचे कमाल तापमान सुमारे २४ अंशांवर राहिले; जानेवारीत ते एरवी ३१ च्या आसपास असते. मुंबईकरांनी दुपारी स्वेटर घातले, याचे वृत्तपत्रांनी कौतुक केले. आकाश मोकळे होताच महिन्याच्या अखेरीस उत्तर व मध्य महाराष्ट्रात रात्रीची थंडी वाढली.

शेतीच्या दृष्टीने या क्रमाचा अर्थ महत्त्वाचा आहे, कारण दोन थंडींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. निरभ्र, कोरड्या थंडीत द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, रात्री हलके पाणी देतात; विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन रात्री सावकाश निवते. हेच उपाय ढगाळ, दमट दिवसांत केले, तर हानी होते. तेव्हा जमिनीत पाणी पुरेसे असतेच. आणखी पाणी दिल्यास बागेतील दमटपणा वाढतो, भुरी व केवडा बळावतो, पक्व होत आलेले मणी तडकतात. कांद्यावर करपा, आंब्याच्या मोहरावर भुरी व तुडतुडे यांचीही हीच वेळ. तेव्हा पाणी थांबवावे, साचलेले काढून द्यावे आणि पाऊस थांबल्यावर कृषी विभागाच्या सल्ल्याने फवारणी करावी. शेजाऱ्याने शेकोटी पेटविली म्हणून आपणही पेटवावी, असे करण्याआधी एकदा आकाशाकडे पाहावे.

माणसांच्या बाबतीतही तेच. ओल्या थंडीत प्रश्न ऊब देण्याच्या आधी कोरडे ठेवण्याचा असतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या, वीटभट्ट्यांवरील पाली, मेंढपाळांचे तळ येथे वेळीच ताडपत्री पोहोचली, समाजमंदिर वा शाळेची पडवी एका रात्रीपुरती उघडून दिली, तर पुढील बरेच टळते. यास ग्रामपंचायतीला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा प्रकार मात्र कटाक्षाने थांबविला पाहिजे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाही, वास नाही. दर हिवाळ्यात त्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात.

त्या ओल्या जानेवारीने उत्तरेतील गव्हाला चांगला ओलावा दिला होता. पीक जोमदार होते. मग मार्च आला, आणि देशाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत तो १९०१ पासूनचा सर्वाधिक उष्ण मार्च ठरला. पाऊसही फारच कमी झाला. दाणा भरण्याच्या ऐन वेळी उष्णतेने तो आक्रसला, उत्पादन घटले आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

राज्यात आता महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, तरीही शाळेच्या आवारातील साध्या नोंदींचे मोल कमी होत नाही. कमाल-किमान तापमापी आणि पर्जन्यमापक एवढ्या साहित्यावर माध्यमिक शाळेतील मुले उत्तम तक्ता ठेवू शकतात. तापमापी सावलीत, खेळत्या हवेच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर असावी. रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी व तक्त्यात कमाल आणि किमान यांच्यातील फरकाचाही रकाना ठेवावा. ढगाळ दिवशी हा फरक किती आक्रसतो, ते मुलांना स्वतःच दिसेल. अडीच मि.मी. वा अधिक पाऊस झाला, तरच हवामान खाते त्यास पावसाचा दिवस गणते; तरीही त्याखालील पाऊसही लिहून ठेवावा. एक चूक मात्र बहुतेक तक्त्यांत आढळते. सकाळी साडेआठला वाचलेले कमाल तापमान हे आदल्या दिवशीच्या दुपारचे असते. ते आजच्या तारखेपुढे नव्हे, कालच्या तारखेपुढे लिहावयाचे असते.